आजोबांना कुणी विचारलं?

किनाऱ्यालगतच्या कोकणात घरामागे आगर असतं. वर माड आणि पोफळी, त्यांच्या सावलीला केळी, जायफळ, मिरीचे वेल. घराच्या अगदी जवळ, न्हाणीचं पाणी जातं तिथे, अळू, कर्दळ, अनंत, अबोली आणि एखादा सोनचाफा. नारळ-सुपारीचा हिशोब घरातले पुरुष ठेवतात. न्हाणीजवळचा हा तुकडा मात्र बहुतेक घरांत आजीचा असतो. तिथे काय लावायचं, काय काढायचं, हे तिला कुणी विचारत नाही आणि ती कुणाला सांगत नाही.

पुढचा संवाद दापोली तालुक्यातल्या अशाच एका आगरात घडतो. यातली आजी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका होती. निवृत्तीनंतर ती सासरच्या घरी येऊन राहिली आणि झाडांत रमली. नात मुंबईला मेडिसिनमध्ये एम.डी. करते आहे. आजोबांना फुप्फुसाचा कर्करोग आहे आणि तो हाडांत, यकृतात पसरला आहे. केमोथेरपीचे दोन प्रकार देऊन झाले, आता तिसरा सुचवला गेला आहे. तो द्यावा की आजोबांना घरी ठेवावं, यावर घरात दोन तट पडले आहेत.

आजी आणि नात या कुणा एका घरातल्या नाहीत. अनेक घरांत अर्धवट राहून गेलेलं बोलणं मी या दोघींच्या तोंडून पुरं करून पाहिलं आहे. आपल्याकडे घरातल्या माणसाच्या मरणाचा विषय निघाला की ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणून तो मिटवला जातो. मग वेळ येते तेव्हा सगळे निर्णय अतिदक्षता विभागाच्या बाहेर, उभ्या उभ्या, रडत आणि एकमेकांवर चिडत घेतले जातात. हे टाळता येतं, अशी माझी खात्री आहे. म्हणून हा खटाटोप.

नात : आजी, सकाळपासून तू इथेच आहेस. आजोबांची बॅग भरायची आहे. परवा मुंबईला निघायचं ठरलंय ना?

आजी : तुझ्या बाबांनी ठरवलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही.

नात : तिसऱ्या केमोने गाठी आकसण्याची शक्यता आहे. कमी आहे, पण आहे.

आजी : आणि आकसल्या तर? किती दिवस वाढतील?

नात : काही आठवडे. नशीब असेल तर दोन-तीन महिने.

आजी : त्यातले इथे किती आणि तिकडे किती?

नात : बरेचसे तिकडेच जातील. पांढऱ्या पेशी कमी झाल्या, ताप आला, की दाखल करावं लागेल. पण म्हणून काही करायचंच नाही? मला तुझं हे शांत राहणं कळत नाही, आजी. झाडांत राहून राहून तुला सगळंच तसं दिसायला लागलंय का? पान पिकलं, गळलं. गळण्याआधी झाड पानातला नायट्रोजन परत ओढून घेतं, देठाशी एक थर तयार करतं आणि मग पान सोडून देतं. मी शाळेत असताना तूच मला हे दाखवलं होतंस.

आजी : पानाबद्दल दाखवलं होतं. माणसाबद्दल मी असं काही बोलले होते का? पिकल्या पानासारखा माणूस जातो म्हणणारे लोक मी समाचाराला आलेले पाहिलेत. मला ते ऐकवत नाही. केळीचा घड उतरवला की मी तिचा खुंट कापते आणि बाजूचा मुनवा वाढू देते. मला त्याचं काही वाटत नाही, कारण मुनवा म्हणजे तीच केळ. तुझ्या आजोबांच्या शेजारी दुसरे आजोबा उगवणार आहेत का?

नात : मग कारवी? सगळा डोंगर साधारण सात वर्षांनी एकदम फुलतो, बी टाकतो आणि मरतो. पुढच्या पावसात त्याच जागी नवी रोपं येतात. मला वाटायचं, असं काही डोळ्यांसमोर असलं की मरण सोसायला सोपं जात असेल.

आजी : कारवी सगळी एकदम मरते. एकटी मागे राहिलेली कारवी कुणी पाहिली आहे? मी मागे राहणार आहे. सकाळी चहाचं आधण ठेवताना दोन कप पाणी मोजायची सवय माझ्या हाताला आहे. तिला कुठल्या डोंगरावरचं उदाहरण देऊ?

नात : म्हणजे बागेचा तुला काहीच आधार नाही?

आजी : आहे, पण तू म्हणतेस तसा नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तू मुंबईत होतीस. इथे दुपारभर वारा फिरत होता. संध्याकाळी मागचं दार उघडलं तर आभाळ दिसलं. या आगरातून आभाळ कधी दिसायचं नाही. माड मोडले होते, पोफळी आडव्या पडल्या होत्या. पुढच्या आठवड्यात, सावली गेली म्हणून जायफळं करपली. हर्णै, आंजर्ले, केळशी, पलीकडे श्रीवर्धन, दिवेआगर, सगळीकडे तेच. तुझ्या पणजोबांनी लावलेली झाडं होती ती. मी रडले. पुढे कित्येक दिवस मला मागच्या दारी जावंसं वाटत नव्हतं.

नात : पण तू परत लावलंस ना सगळं.

आजी : लावलं. नव्या पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात. लोक म्हणाले, केवढी जिद्द या वयात! जिद्द कसली? सकाळ झाली की पाणी घालायची सवय होती आणि पाणी घालायला काही उरलं नव्हतं, म्हणून लावलं. नव्या झाडांनी जुन्यांची जागा भरली नाही. मला मात्र सकाळी उठायला कारण मिळालं. बाग मला एवढंच देते. सांत्वन देत नाही, काम देते.

नात : आणि मीही कामच मागतेय. डॉक्टरचं काम. समोर माणूस श्वासासाठी धडपडतोय आणि माझ्या हातात एक औषध शिल्लक आहे. ते न देणं मला जमणार नाही. उपचार थांबवणं म्हणजे माणसाला सोडून देणं.

आजी : इथे तू चुकतेस. मुंबईच्या नर्सिंगमध्ये माझी हयात गेली. त्या काळातल्या आम्हा सगळ्यांना केईएममधल्या नर्स अरुणा शानबागचं नाव पाठ होतं. 27 नोव्हेंबर 1973 ला तिच्यावर हल्ला झाला, मेंदूला इजा झाली, आणि ती पुन्हा कधी उठली नाही. 18 मे 2015 ला ती गेली. मधली जवळजवळ 42 वर्षं केईएमच्या नर्सनी तिला सांभाळलं.

नात : हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं! त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, तेव्हा 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांचंच म्हणणं मानलं आणि तिचे उपचार थांबवायची परवानगी नाकारली.

आजी : नीट बघ, त्या काय करत होत्या. तिला बरं करायचा प्रयत्न करत त्यांनी 42 वर्षं काढली नाहीत. ती बरी होणार नाही, हे पहिल्या काही वर्षांतच कळलं होतं. तरी कूस बदलायची, अंग पुसायचं, भरवायचं, केस कापायचे. इतकी वर्षं अंथरुणावर असूनही तिच्या पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत. बरं करणं थांबलं आणि काळजी घेणं सुरू राहिलं. तुम्हा डॉक्टरांच्या शिक्षणात ही दोन कामं एकच मानतात. आम्हाला पहिल्या वर्षापासून ती वेगळी दिसतात.

नात : वेगळी मानली तरी त्या नर्सनी तिला मरू देणं मान्य केलं नाही.

आजी : नाही केलं. अरुणा बोलू शकत नव्हती. तिला काय हवं होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अशा वेळी सांभाळणाऱ्यांनी जिवाच्या बाजूने कौल द्यावा, हे मला पटतं. तुझे आजोबा बोलू शकतात.

नात : ठीक आहे. मग मी तुला पुस्तकातलं सांगते, आणि ते पूर्णपणे माझ्या बाजूचं नाही, हेही कबूल करते. 2010 साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे 151 रुग्ण. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्याच उपचारांबरोबर पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं, दम, झोप, भीती, घरच्यांचे प्रश्न यांवर काम करणारी वेगळी टीम. दुसऱ्या गटातल्या रुग्णांचे दिवस बरे गेले, त्यांनी शेवटी शेवटी जोरकस उपचार कमी घेतले, आणि तरी ते जास्त जगले. त्यांचं आयुष्य 11.6 महिन्यांच्या आसपास होतं, पहिल्या गटाचं 8.9.

आजी : मग?

नात : मग हे, की ते सगळं निदान झाल्यापासून सुरू झालं होतं. आजोबांच्या बाबतीत कुणी त्या टीमकडे पाठवलंच नाही. आता उशिरा ‘घरी ठेवू या’ म्हणणं आणि पॅलिएटिव्ह केअर करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तू घरी ठेवायचं म्हणतेस. रात्री दोन वाजता त्यांना दम लागला तर काय करशील? रुग्णवाहिका येईपर्यंत?

आजी : उशी उंच करीन, पंखा तोंडासमोर धरीन, हात धरून बसेन.

नात : ते पुरेल?

आजी : नाही. तेवढ्याने पुरत नाही, हे मी वॉर्डात पाहिलंय. मॉर्फिन लागेल. आमच्या काळी ते मिळवणं म्हणजे दिव्य होतं. अमली पदार्थांचा कायदा इतका कडक, की रुग्णालयंही ठेवायला घाबरायची. माणसं कळवळत जायची आणि आम्ही त्यांच्याकडे बघायचो. त्या रात्री मी विसरलेले नाही.

नात : 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, परवान्यांची गुंतागुंत कमी झाली. पण तालुक्याच्या गावी मेडिकल दुकानात ते आजही मिळत नाही. मान्यता असलेल्या केंद्रातूनच आणावं लागतं. आणलं तरी वेळापत्रक लागतं. दर चार तासांनी, घड्याळ लावून. दुखल्यावर द्यायचं, असं नाही. बरोबर पोट साफ होण्याचं औषध हवंच, नाहीतर बद्धकोष्ठाने माणूस हैराण होतो. योग्य मात्रेत दिलं तर दम लागल्याची जाणीवही कमी होते. बाबांना वाटतं मॉर्फिन म्हणजे शेवट. त्यांना हे समजवावं लागेल.

आजी : बघ, तुला सगळं येतं. तू हे आजोबांसाठी का नाही केलंस?

नात : कारण ते केलं की मी हरले, असं मला वाटतं.

आजी : (थोड्या वेळाने) ती सलाइनची बाटली तुझ्या बाबांनी कशाला आणून ठेवलीय?

नात : आजोबांचं जेवण तुटलंय. बाबा म्हणतात, उपाशी कसं ठेवायचं? घरीच राहायचं तर निदान सलाइन लावू.

आजी : कुंडीतली झाडं तहानेने मरतात त्याहून जास्त पाण्याने मरतात. मुळं पाणी घेईनाशी झाली की वरून पान मलूल दिसतं, आणि मलूल पान दिसलं की नवशिका आणखी पाणी घालतो. पाणी घालणं म्हणजे माया, असं त्याला वाटतं. मुळं कुजतात ती त्या मायेने.

नात : एवढी एक तुलना मी मान्य करते, कारण शरीरात खरंच तसंच होतं. शेवटच्या दिवसांत हृदय आणि मूत्रपिंडं तेवढं पाणी पेलू शकत नाहीत. पाय सुजतात, फुप्फुसात पाणी साठतं, घशात घरघर वाढते. भूकही तेव्हा उरलेली नसते. जेवत नाहीत म्हणून ते जाणार नाहीयेत. शरीर मिटायला लागलंय, म्हणून जेवत नाहीत. ओठ ओले ठेवायचे, मागतील तेवढा घोट द्यायचा. पण हे मुलाला सांगणं किती कठीण आहे, तुला कल्पना आहे? आपल्याकडे भरवणं हीच सेवा समजतात.

आजी : म्हणून बाबांना दुसरं काम दे. चमच्याने पाणी पाजायचं, पायाला तेल लावायचं. हात रिकामे राहिले की माणूस बाटल्या आणतो.

नात : आता माझा खरा प्रश्न ऐक. घरी शांतपणे जाणं वगैरे बोलणारे लोक एक गोष्ट कधी मोजत नाहीत. दर दोन तासांनी कूस कोण बदलणार? रात्री चादर कोण बदलणार? चार-चार तासांचं मॉर्फिन कोण देणार? तू. आणि आई, नोकरी सांभाळून. घरी मरण येणं म्हणजे घरातल्या बाईने ते उचलणं. तुझे गुडघे आत्ताच धरलेत. तू पडलीस तर मला दोन रुग्ण होतील.

आजी : यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी हे मोजलं नव्हतं. नर्स आहे, म्हणजे जमेलच, असं धरून चालले होते.

नात : उत्तर आहे, पण ते आधी मांडावं लागतं. टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे. त्यांच्याकडून औषधांचं वेळापत्रक घेऊ. बाबा रजा काढतील आणि रात्रपाळी त्यांची. एक मदतनीस ठेवू. तरी जमलं नाही, तर हॉस्पिसचा विचार करायचा आणि त्याची लाज वाटून घ्यायची नाही. वांद्र्याला शांति आवेदना सदन 1986 पासून आहे, पुण्यात वारजेला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे. मरणाजवळ आलेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांनाही तिथे सांभाळतात. घर सोडून तिथे जाणं म्हणजे कर्तव्य टाळणं नाही.

आजी : हे चांगलं बोललीस. वाळीत टाकल्यासारखं माणसाला कुठेतरी ठेवून यायचं, असं मला वाटायचं. तसं ते नाही.

नात : आणखी एक विचारू? रागावू नकोस.

आजी : विचार.

नात : मी आल्यापासून बघतेय. तू पहाटेपासून इथे असतेस. दुपारचा चहाही इथे. आजोबांच्या खोलीत तू जातेस ती औषधाच्या वेळेला, आणि लगेच बाहेर पडतेस. ही बाग तुझं धैर्य आहे की पळवाट?

आजी : दोन्ही आहे.

नात : कशापासून पळतेस?

आजी : त्यांनी मला काही विचारलं तर खोटं बोलावं लागेल, त्यापासून. तुझ्या बाबांची ताकीद आहे, कॅन्सर हे नाव घरात उच्चारायचं नाही. त्यांना सांगितलंय, छातीत पाणी झालंय, औषधाने उतरेल.

नात : धीर सुटू नये म्हणून सांगितलं नाही. मलाही तेव्हा ते बरोबर वाटलं.

आजी : त्यांना कळलंय. मागच्या आठवड्यात त्यांनी बँकेची पासबुकं, विजेच्या बिलांची फाइल आणि घरपट्टीच्या पावत्या एका पिशवीत घातल्या आणि ती पिशवी माझ्या कपाटात ठेवली. काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. आम्ही दोघं एकमेकांना सांभाळण्यासाठी एकमेकांशी खोटं वागतोय.

नात : म्हणजे त्यांना माहीत आहे, आणि त्यांना माहीत आहे हे तुला माहीत आहे. तरी परवा त्यांना गाडीत घालून केमोला न्यायचं की नाही, यावर तू, मी आणि बाबा भांडतोय. त्यांना कुणीच विचारलेलं नाही.

आजी : नाही विचारलेलं.

नात : मी त्यांना केमो देणार होते. तू त्यांना इथे, या सोनचाफ्याखाली आरामखुर्ची टाकून बसवणार होतीस. मी बघितलंय तू जागा साफ करताना.

आजी : हो. इथे सकाळी वास येतो. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

नात : तुला बरं वाटेल.

आजी : (मान हलवते) परक्या रुग्णांच्या नातेवाइकांना मी कितीदा सांगितलं असेल, त्यांच्याशी बोला, वेळ आहे तोवर बोला. स्वतःच्या नवऱ्यापुढे बसले की माझी जीभ उचलत नाही. कसं विचारायचं?

नात : आम्हाला आता थोडं शिकवतात. थेट ‘तुम्हाला कॅन्सर आहे’ असं सुरू करायचं नाही. आधी विचारायचं, ‘तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय वाटतं?’ ते किती जाणतात आणि किती जाणून घ्यायचं आहे, हे त्यांच्या उत्तरातून कळतं. मग त्यांना हवं तेवढंच सांगायचं. आणि मग दोन प्रश्न. येणाऱ्या दिवसांत तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं? आणि काय अजिबात नको आहे?

आजी : त्यांनी नको म्हटलं, तर तुमचं रुग्णालय ऐकेल? कायद्याचं काही?

नात : ते शुद्धीवर आहेत तोवर त्यांचा नकार पुरेसा आहे. पुढे शुद्ध गेली, तर काय करायचं आणि काय नाही, हे आधी लिहून ठेवता येतं. 9 मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी तो अधिकार मान्य केला. सन्मानाने मरणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे, असं म्हटलं. आधी त्या कागदाला दंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्यामुळे कुणी करत नसे. 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने ते सोपं झालं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने कुणी बोलायचं, त्या जवळच्या माणसांची नावंही त्यात घालायची. रुग्णालयातल्या डॉक्टरांची दोन मंडळं खात्री करून मग ते पाळतात.

आजी : विनोबांनी 1982 मध्ये पवनारला अन्न-औषध थांबवलं, तेव्हा सगळा देश त्यांना विनवत होता. त्यांनी ऐकलं नाही. आमच्या वॉर्डात त्यावरून केवढे वाद झाले होते. मला तेव्हा वाटलं, संतांना शोभतं ते. साध्या माणसाला आपलं मरण ठरवायचा अधिकार असतो, हे तेव्हा मनात आलं नाही.

नात : मला अजूनही हे सगळं पूर्ण पटलेलं नाही, आजी. त्यांनी केमो नको म्हटलं तर मला राग येईल.

आजी : येऊ दे. त्यांनी मुंबईला जायचं म्हटलं, तर मला येईल. आपण दोघी मिळूनच विचारू. बाबांनाही बोलवू.

त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मला विचारायला तुम्ही एवढा वेळ का लावलात, ते कळत नाही.’ त्यांचं उत्तर तिघांपैकी कुणाच्याच मनातलं नव्हतं. केमो नको, व्हेंटिलेटर नको, नाकातून नळी नको. पण कमरेच्या हाडातलं दुखणं त्यांना झोपू देत नव्हतं आणि त्याबद्दल त्यांनी कुणाकडे तक्रार केली नव्हती. त्यावर काही करता येत असेल तर ते एकदा मुंबईला यायला तयार होते. नात लगेच म्हणाली, येतं. कर्करोग हाडात गेल्यावर दुखणं कमी करण्यासाठी त्या जागेवर रेडिओथेरपी देतात, आणि पुष्कळदा ती एकाच बैठकीत होते. गाठींच्या मागे धावताना हा साधा उपाय तिच्या बोलण्यात एकदाही आला नव्हता.

आणि आगरात बसायला त्यांनी ठाम नकार दिला. मागच्या बाजूला डास असतात, म्हणाले, आणि तिथून माणसं दिसत नाहीत. त्यांना पुढच्या ओटीवर खाट हवी होती. रस्ता दिसतो, येणारे-जाणारे दोन शब्द बोलतात, एस.टी.ची वेळ कळते. आजीने त्यांच्यासाठी योजलेली जागा आजीच्या आवडीची होती. सोनचाफ्याचा वास तिला प्रिय होता. त्यांना रस्ता प्रिय होता. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही हे विचारूनच कळलं.

या दोघींच्या वादात मला कुणा एकीला जिंकवायचं नाही. नातीचं म्हणणं खरं आहे. घरी मरण येणं आपोआप चांगलं होत नाही. त्यासाठी मॉर्फिन लागतं, माणसं लागतात, आणि पाळ्या वाटून घेणारे पुरुष लागतात. तयारीशिवाय घरी ठेवणं म्हणजे रुग्णाला वेदनेच्या आणि घरातल्या बाईला थकव्याच्या हवाली करणं. आजीचंही खरं आहे. बरं करणं संपतं तिथे काळजी घेणं संपत नाही, आणि ते कमी प्रतीचं कामही नाही. तालुक्याच्या ठिकाणी मॉर्फिन आणि ते द्यायला शिकलेली परिचारिका असणं, ही कृपा नसून आरोग्यसेवेची मूलभूत गरज आहे. ती मागायला आपण शिकलं पाहिजे.

पण या दोन्ही खरेपणांच्या आधी एक पायरी आहे, आणि घरोघरी नेमकी तीच गाळली जाते. प्रेम असलं की समोरच्याला काय हवं ते आपल्याला कळतंच, असं आपण धरून चालतो. मुलगा सलाइन आणतो, नात केमो आणते, आजी चाफ्याखालची जागा झाडून ठेवते. तिघांचंही प्रेम अस्सल आहे आणि तिघेही आपापल्या भीतीवर औषध शोधताहेत. आजारी माणूस मात्र कमरेचं दुखणं घेऊन गप्प पडून राहतो, कारण आपण बोललो तर यांना सोसणार नाही, असं त्याला वाटतं. सत्य लपवल्याने त्याला धीर मिळत नाही. तो एकटा पडतो.

बागेत रमणाऱ्या आजीकडून सांत्वनाचे दाखले घ्यायची आपल्याला घाई असते. ती ते देत नाही, कारण प्रत्येक झाडाला रोज पाहणाऱ्या माणसाला एक झाड दुसऱ्याच्या जागी चालत नाही, हे पक्कं माहीत असतं. तिला पुढे दुःख होईल, आणि त्या दुःखात सकाळी उठून करण्यासारखं काम तिच्याजवळ असेल. एवढ्यावर माणूस उभा राहू शकतो.

तुमच्या घरात कुणी थकलेलं, आजारी माणूस असेल, तर त्याला या आठवड्यात दोन प्रश्न विचारा. तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं? आणि काय नको आहे? उत्तर कागदावर लिहा, दोन साक्षीदारांसमोर त्यांची सही घ्या, नोटरीकडे जा, आणि जवळच्या सगळ्यांना त्याची प्रत द्या. मग हेच दोन प्रश्न स्वतःलाही विचारा आणि आपलंही उत्तर लिहून ठेवा. विचारताना जीभ अडखळेल. अडखळत विचारलं तरी चालतं. पण विचारायचं राहून गेलं, तर नंतर ते भरून काढता येत नाही.